मे महिना आधी, प्राणी नंतर: ॲक्सोलॉटलच्या टाकीच्या नोंदी

10 मार्च 2024, इंदूर

ॲक्सोलॉटल पाळायची मागणी लेकीची. माइनक्राफ्ट या गेममध्ये 2021 साली हा पाण्यात राहणारा उभयचर आला, तेव्हापासून आमच्या घरात हे नाव फिरतंय. आता ती आठवीत आहे आणि हट्टाच्या जागी वाद घालायला शिकली आहे. वाचून, टिपणं काढून आली होती. नाही म्हणायला जागाच ठेवली नाही.

मी बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये प्लँट चालवतो. त्यामुळे तिने “बाबा, त्याला 16 ते 18 अंशाचं पाणी लागतं” असं वाचून दाखवलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर प्राणी आलाच नाही. लोड आला, म्हणजे किती उष्णता सतत बाहेर काढावी लागेल तो आकडा. मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांमधला हा सॅलॅमँडर. ते शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवर, आपलं इंदूर साडेपाचशेवर. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो, 24 च्या वर राहिलं की आजारपण. आमच्या रामबागेतल्या घराचं माजघर मे महिन्यात 35 ला जातं.

म्हणून अट घातली. टाकी आधी उभी राहील, रिकामी. टाकीने मे काढायचा आणि मग जुलै काढायचा. दोन्ही महिन्यांत पाणी 18 च्या आत राहिलं तरच प्राणी. जुलै कशाला, असं लेकीने विचारलं. म्हटलं, मे महिन्यात कूलर चालतो आणि जुलैत तोच कूलर चिकट वारा फेकतो ना, त्यासाठी.

17 मार्च

माप ठरलं: 90 × 45 × 45 सेंटिमीटर, 8 मिलिमीटर काच. पाणी 38 सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे दीडशे लिटरच्या थोडं वर. एका जनावराला 75 लिटरमध्येही भागतं म्हणतात, पण जास्त पाणी उशिरा तापतं आणि उशिरा घाण होतं. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, हा तळाशी चालणारा प्राणी आहे.

पाणी, काच, स्टँड धरून सव्वादोनशे किलोच्या पुढे जाईल. तळमजला आहे, खाली फरशी आहे, चिंता नाही. जागा माजघरातल्या आतल्या भिंतीची. पश्चिमेच्या भिंतीला दुपारी हात लावला तर चटका बसतो, ती बाद.

24 मार्च

टाकी आली. स्टँडखाली लेव्हल लावून एका पायाला पॅकिंग दिलं. पाणी भरून ठेवलंय, गळती नाही.

31 मार्च

काल रंगपंचमी. राजवाड्याची गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघून आलेल्या कुणालाही टाकीच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. आई म्हणाली, “अरे, आत काय आहे, पाणीच ना? पाणी पाळून राहिलास का तू?” हे वाक्य आता वर्षभर ऐकावं लागणार.

आज पाण्याच्या तीन बाटल्या तपासल्या. घरात तीन पाणी आहेत: नर्मदेचं नळाचं, बोरिंगचं, आणि आरओचं. सगळ्यांचा सल्ला आरओचा, कारण ते ‘शुद्ध’. नेमकं तेच नको. ॲक्सोलॉटलला क्षार असलेलं पाणी मानवतं, कठीणपणा साधारण 7 ते 14 डिग्री, पीएच साडेसातच्या आसपास. आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत, शिवाय त्याचा पीएच कधीही घसरू शकतो. आमच्या बोरिंगचं 18 डिग्री निघालं. माळव्याचा काळा दगड, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो ते हेच. नर्मदेचं 8 डिग्री, पीएच 7.8. म्हणजे नर्मदाकाठच्या जलूदहून पंपांनी चढवून आणलेलं नळाचं पाणीच या परदेशी पाहुण्याला सगळ्यांत योग्य.

फक्त क्लोरीन काढायचा. ड्रममध्ये दिवसभर उघडं ठेवून बुडबुडे काढणारा हवेचा दगड सोडायचा, आणि घाई असेल तर हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. दुकानात मिळणाऱ्या काही वॉटर कंडिशनरमध्ये कोरफड असते, माशांच्या कातडीसाठी म्हणून. उभयचरांना ती नको, लेबल वाचून घ्यावं.

7 एप्रिल

नोकरीत मला पगार अमोनिया गळू नये म्हणून मिळतो. आज घरच्या टाकीत तो स्वतःच्या हाताने टाकला.

कारण साधं आहे. प्राणी पाण्यात अमोनिया सोडणार, तो त्यालाच विषारी. तो खाणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आधी वसवावे लागतात: एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्यामानाने सोसण्यासारखं आणि पाणी बदलून कमी करता येतं. मासे सोडून हे करायची जुनी पद्धत आहे, पण त्यात मासे भाजून निघतात. त्यापेक्षा अमोनियम क्लोराइड, आपला नवसागर. कल्हईवाल्याकडचा नको, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून शुद्ध आणला. दीडशे लिटरला 1 ग्रॅम टाकला की अमोनिया 2 पीपीएमच्या (दहा लाख भागांत दोन) आसपास येतो.

आणि एक गोष्ट मुद्दाम केली: पाणी गार केलेलं नाही. हे जिवाणू 26-28 अंशांत पटापट वाढतात, 17 वर रेंगाळतात. एप्रिलची ऊब फुकट मिळतेय तर ती वापरून घ्यायची, थंडावा नंतर.

21 एप्रिल

अमोनियाच्या चाचणीची हिरवी नळी फिकट होत चालली, नायट्राइटची नळी गडद जांभळी. अपेक्षेप्रमाणे. लेक रोज टेस्ट ट्यूब हलवते आणि वहीत रंग लिहिते.

शेजारचे भिया दारातून डोकावून गेले. “मछली कहां है?” म्हटलं, नाहीये. पुन्हा टाकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चहा न घेता गेले.

12 मे

1 ग्रॅम नवसागर टाकला की चोवीस तासांत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. नायट्रेट मात्र गडद लाल. निम्म्याहून जास्त पाणी बदललं. जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून दर दोन दिवसांनी चिमूटभर नवसागर चालू.

19 मे

आता खरं काम. खोली 35, पाणी 31.

सगळ्यांचं पहिलं उत्तर पंखा. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी गार होतं, माठासारखं. खरं आहे, पण किती गार, याला तळ असतो. प्लँटवरून वेट बल्बचा थर्मामीटर आणला होता, म्हणजे ओली वात गुंडाळलेला. माजघरात 22 दाखवला. बाष्पीभवनाने याच्या खाली पाणी कधीच जाणार नाही, कितीही पंखे लावा. प्रत्यक्षात तिथवरही पोचत नाही: दोन पंखे लावून पाणी 26 वर येऊन थांबलं. त्यासाठी दिवसाला चार-पाच लिटर पाणी उडालं, आणि क्षार मात्र टाकीतच राहिले. म्हणजे सगळ्यांत कोरड्या महिन्यात, पंख्याला सगळ्यांत अनुकूल हवेत, आपण अजून आजारपणाच्या रेषेच्या वरच. ‘आमच्याकडे पंख्यावर चालतं’ असं कुणी सांगितलं तर आधी त्याचं गाव कोणतं ते विचारावं.

दुसरं उत्तर खोलीला एसी. चोवीस तास एसी 17 वर, एका विताएवढ्या जनावरासाठी! आईने ऐकलं असतं तर मलाच टाकीत बसवलं असतं.

राहिला चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र. पण आधी लोड काढू.

उघडी टाकी, सगळ्या बाजू मिळून दोन चौरस मीटर. काच साधी. खोली 36, पाणी 18, फरक 18 अंश. दर चौरस मीटरला दर अंशाला साडेपाच वॅट धरले तर 200 वॅट उष्णता सतत आत येणार. मागची, दोन बाजूंची आणि तळाची काच 25 मिलिमीटरच्या दाट थर्मोकोलने झाकली आणि वर काचेचं झाकण ठेवलं तर हाच आकडा 100 च्या आत येतो. पंपाची उष्णता धरून 110. दोन-तीनशे रुपयांच्या थर्मोकोलने अर्धा लोड गेला. आमच्या धंद्यात पहिला धडा हाच: यंत्र मोठं घेण्याआधी भिंत जाड करा.

पेल्टियरच्या, म्हणजे कॉम्प्रेसरविना गार करणाऱ्या, छोट्या स्वस्त पेट्या या लोडला पुरणार नाहीत. 1/10 एचपीचा कॉम्प्रेसर चिलर साधारण 200 वॅट उष्णता काढतो. 110 ला 200, म्हणजे अर्धा वेळ चालेल, अर्धा वेळ विसावेल. हेच हवं.

26 मे

प्लँटवरच्या सहकाऱ्यांचं म्हणणं, जुन्या वॉटर कूलरचा कॉम्प्रेसर घे, तांब्याची कॉइल वळव, टाकीत सोड, महाराणी रोडवरून थर्मोस्टॅट आण, हजाराच्या आत काम. हात शिवशिवले, खोटं कशाला सांगू. पण तांबं या पाण्यात चालत नाही. किंचित विरघळलेलं तांबंसुद्धा उभयचरांना विष, ते त्वचेतून आणि कल्ल्यांतून सगळं शोषतात. तयार चिलरमध्ये पाण्याला लागणारी कॉइल टायटॅनियमची असते, पैसे त्याचे आहेत. तयारच घेतला.

जोडणी: कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा), त्यातून चिलर, परत टाकीत स्प्रे बार, म्हणजे भोकांची नळी, भोकं भिंतीकडे वळवलेली. सोचिमिल्कोचं पाणी संथ. प्रवाह जोराचा असला तर ॲक्सोलॉटलचे कल्ले पुढे वळतात, शेपटीचं टोक मुडपतं. शिवाय हवेच्या पंपावरचा एक स्पंज फिल्टर वेगळा, कॅनिस्टर बंद पडला तर हाताशी असावा म्हणून.

चिलर स्टँडच्या कपाटात ठेवायचा मोह आवरला. तो टाकीतून काढलेली उष्णता आणि स्वतःची वीज, दोन्ही मागून बाहेर फेकतो. बंद कपाटात तीच हवा पुन्हा ओढेल आणि गुदमरेल. भिंतीला भोक पाडून मागच्या गॅलरीत ठेवला, नळ्यांवर एसीच्या पाइपला लावतात तो काळा फोम. सेट पॉइंट 17, डिफरन्शियल (चालू-बंद होण्यातला फरक) 1.

संध्याकाळी चालू केला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी 17. हिशेबात 18-20 तास होते.

9 जून

वीज गेली की काय? मुख्य स्विच बंद करून बघितलं. खोली 34, दोन तासांत पाणी 17 वरून 18 ला. तासाला अर्धा अंश. थर्मोकोल नसता तर दुप्पट वेगाने चढलं असतं.

बर्फाच्या बाटल्यांचाही हिशेब लिहून फ्रिजवर चिकटवला: एक लिटरची गोठलेली बाटली दीडशे लिटर पाण्याला 0.6 अंश उतरवते. म्हणजे वीज गेल्यावर तासाला एक बाटली घातली तर तापमान जागच्या जागी राहतं. फ्रीजरमध्ये सहा बाटल्या कायम. हवेचा पंप इन्व्हर्टरवर, चिलर नाही.

मे निघाला. दिवसाला पावणेदोन युनिटच्या आसपास वीज, पंप वेगळा.

14 जुलै

जुलैने वेगळ्याच दाराने गाठलं.

खोली फक्त 29. पाणी 17 वर आरामात, चिलरला काम कमी. आणि समोरची काच घामाने थबथबलेली, आतलं काही दिसेना. थेंब ओघळून स्टँडच्या प्लायवर, प्लायची कड फुगायला लागली.

वेट बल्ब घेतला: 25. त्यावरून दवबिंदू साडेतेवीसच्या आसपास. काचेची बाहेरची बाजू 19. अर्थात हवेतलं पाणी तिथे जमणारच. मे महिन्यात खोली सहा अंशांनी तापलेली होती तरी काच कोरडी होती, कारण हवेत ओल नव्हती. पंखाही पुन्हा लावून बघितला, वेगळ्या बादलीवर: पाणी 27 च्या खाली येईना. जुलैत पंख्यावर विसंबून असतो तर प्राणी गेला असता, आणि खोली गार वाटतेय म्हणून कुणाला संशयही आला नसता. वाचलेल्या सगळ्या माहितीत उन्हाळ्याची धास्ती होती. पावसाळ्याबद्दल कुणी अक्षर लिहिलेलं नव्हतं.

28 जुलै

उपाय कोल्ड रूमच्या खिडकीचाच. समोरच्या काचेपुढे 12 मिलिमीटर पट्ट्या लावून 4 मिलिमीटरचं पारदर्शक ॲक्रिलिक, चारी बाजू सिलिकॉनने बंद, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. आता बाहेरचा पृष्ठभाग 24 च्या वर राहतो. मुसळधार पावसाच्या पहाटे कडेला थोडी ओल येते, बाकी स्वच्छ. प्लायच्या कडा घासून एपॉक्सी लावली.

लेकीने वहीत ‘जुलै: पास’ लिहिलं.

15 सप्टेंबर

गणपतीत घरी आलेल्या प्रत्येकाने आरतीनंतर टाकीपुढे उभं राहून पाणी बघितलं. प्रसाद घेतला, पाण्याबद्दल शंका विचारल्या. काकूंना वाटलं विसर्जनाची सोय केली आहे.

जिवाणूंची थंडीतली परीक्षा: 17 अंशांवर 1 ग्रॅम नवसागर पचवायला आता दीड दिवस लागतो. एका लहान प्राण्याचा रोजचा अमोनिया याच्या पुष्कळ खाली. पुरे.

13 ऑक्टोबर

तळ. खडी अजिबात नाही. हा प्राणी तोंड उघडून भक्ष्य ओढून घेतो, सोबत खडाही गिळतो आणि आतडं तुंबतं. लहान असेपर्यंत तळ मोकळा, फक्त कोटा फरशीचे दोन तुकडे, पाय रोवायला. मोठा झाल्यावर बारीक चाळलेली वाळू. लपायला 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, कडा कानशीने गोल केलेल्या, आणि आडवी ठेवलेली मातीची कुंडी. झाडं अनुबियास आणि जावा फर्न, दोघांनाही उजेड कमी लागतो. याला पापण्या नाहीत, दिवा जेमतेम.

झाकणाला क्लिप लावल्या. ॲक्सोलॉटल उडी मारतो.

10 नोव्हेंबर

दिवाळी उरकली, फटाके थांबले, आणला. भारतातच पैदास झालेला, थर्मोकोलच्या पेटीतून रात्रीच्या प्रवासाने. नऊ सेंटिमीटर, पांढरट गुलाबी, डोळे काळे. म्हणजे ल्युसिस्टिक. अल्बिनो असता तर डोळे काळे नसते. नर की मादी, ते कळायला वर्ष लागेल. पिशवीतलं पाणी 20, टाकीतलं 17: तासभर पिशवी तरंगत ठेवून थोडं थोडं पाणी मिसळलं.

लेकीने आल्या आल्या गोष्ट सांगायला घेतली: 1864 साली मेक्सिकोहून पॅरिसला 34 ॲक्सोलॉटल गेले, आणि जगभरच्या प्रयोगशाळांतला वंश मुख्यतः त्यांचाच. तिथे जन्मलेल्या काही पिल्लांचे कल्ले गळून पडले आणि ती जमिनीवर चालू लागली, तेव्हा ड्युमेरिल नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाला धक्काच बसला. कल्ले ही बाळपणाची खूण; मोठी माणसं समजून ज्यांना आणलं ती आयुष्यभर बाळंच राहणारी निघाली. आई म्हणाली, “तुझ्या बापासारखी.”

नाव बटाट्या. चर्चा झाली नाही.

24 नोव्हेंबर

आहार गांडुळं. इंदूरमध्ये ओला कचरा घरीच जिरवणारी घरं इतकी की गांडुळं फुकट मिळाली. बटाट्याने तोंडात घेतलं आणि थुंकलं, पुन्हा घेतलं, पुन्हा थुंकलं. ती खतातली लाल जात, आयसेनिया फेटिडा, त्रास झाला की कडू पिवळा द्रव सोडते. क्षणभर गरम पाण्यात बुडवून दिली तर नाखुशीने खातो. गांडूळखत करणाऱ्या एका शेतकऱ्याकडून आफ्रिकन जात आणली, युड्रिलस. ती लांब असते, तुकडे करून द्यावी लागते, पण गपकन जाते. एक दिवसाआड. उरलेला तुकडा अर्ध्या तासात ड्रॉपरने काढायचा.

पाणी बदलताना एक हिशेब: 30 लिटर नवं पाणी 28 अंशांचं घातलं तर सगळी टाकी दोन अंशांनी चढेल. आता नोव्हेंबरात प्रश्न नाही, पण एप्रिलपासून ड्रममध्ये आदल्या रात्री बर्फाच्या बाटल्या.

1 डिसेंबर

नोंदणी. हे पुष्कळांना माहीत नसतं. 2022 च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण अधिनियमात साइटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराच्या यादीतले प्राणी चौथ्या अनुसूचीत आले, आणि ॲक्सोलॉटल साइटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. यंदा फेब्रुवारीत नियम निघाले: प्राणी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत सरकारच्या परिवेश 2.0 पोर्टलवर अर्ज. विकणाऱ्याकडून कागद आधीच घेतला होता, तो जोडला. सोचिमिल्कोत तो आता अतिसंकटग्रस्त आहे.

5 जानेवारी 2025

खोली पहाटे 17, पाणी 16. चिलर दिवसभरात जेमतेम एकदा चालू होतो. नायट्रेट 10. बटाट्या 14 सेंटिमीटर, कल्ले झुपकेदार.

लेक म्हणते आता टाकीत जागा आहे, अजून एक आणू. लहान असताना हे एकमेकांचे पाय चावून तोडतात. पाय पुन्हा उगवतो, ते खरं, म्हणून तोडू द्यायचा का? दुसरा हवा तर दुसरी टाकी, दुसरा लोड. तिने कॅल्क्युलेटर मागितला आहे. मी फेब्रुवारीअखेर चिलरच्या कंडेन्सरची धूळ झाडायची, असं कॅलेंडरवर लिहून ठेवलं.